कारखान्यांनी पाडलेली नाणी

पहिल्या महायुद्धात जर्मनीला निकेल हवे होते, आणि त्यातले बरेचसे लोकांच्या खिशांत होते. पाच आणि दहा फेनिगची नाणी तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल अशा मिश्रधातूची असत. चिलखती पोलादाला निकेल लागे, काडतुसांना आणि तोफगोळ्यांभोवतीच्या पट्ट्यांना तांबे लागे, आणि ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीमुळे दोन्ही धातूंची आयात आटली होती. सरकारने ही नाणी हळूहळू परत घ्यायला सुरुवात केली. 1915 पासून पाच फेनिगचे नाणे लोखंडाचे झाले, 1916 पासून दहा फेनिगचेही. त्याच वर्षी एक फेनिगचे नाणे ॲल्युमिनियमचे निघाले, आणि 1917 मध्ये दहा फेनिगसाठी जस्त वापरले जाऊ लागले. याच काळात चर्चच्या घंटाही उतरवून भट्टीत जात होत्या, त्यापुढे नाण्याचे काय!

चांदी तर आधीच बाजारातून गेली होती. ऑगस्ट 1914 मध्ये युद्धाला तोंड फुटताच नोटांच्या बदल्यात सोने देणे कायद्याने बंद झाले. लोकांनी हाती असलेले सोने दडवले, मग चांदीची नाणीही दडवली. पहिल्या काही आठवड्यांतच पूर्व प्रशियात, अल्सासमध्ये आणि रूर खोऱ्यात गावोगावच्या नगरपालिकांना आपापल्या सही-शिक्क्याच्या चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. या साऱ्या पर्यायी चलनाला जर्मनीत ‘नोटगेल्ड’ म्हणत, म्हणजे अडचणीच्या वेळचा पैसा. सरकारने एक आणि दोन मार्कांच्या कागदी नोटा छापून वरची टंचाई भागवली. पण शंभर फेनिगांचा एक मार्क, आणि त्या शंभरातल्या पाच-दहा फेनिगांची सोय कागदाने होईना. देशात टांकसाळी होत्या सहा. त्यांच्यातल्या बर्लिन आणि हॅम्बुर्गच्या टांकसाळींवर पूर्वेकडच्या जिंकलेल्या प्रदेशासाठी लोखंडी कोपेक पाडण्याचेही काम येऊन पडले होते. मागणी वाढत गेली आणि सुटे पैसे मिळेनासे झाले.

सुट्या पैशांची टंचाई सगळ्यांना सारखी जाणवत नाही. ज्याचे व्यवहार हुंडी, धनादेश आणि शंभराच्या नोटांत चालतात, त्याचे दहा फेनिगांवाचून अडत नाही. अडते ते आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याचे. जर्मन कामगाराच्या पगाराचा आकडा क्वचितच पूर्ण मार्कांत येई. काम नगावर मोजले जाई. शिवाय 1883 च्या कायद्याने आजारपणाच्या विम्याचा हप्ता पगारातून कापला जाई, आणि त्यातला दोन तृतीयांश वाटा कामगाराचा असे. नगांचा हिशेब आणि विम्याची कपात यांतून निघणारा आकडा मार्कांच्या पुढे काही फेनिगांचे शेपूट घेऊनच येई. हजारो माणसांच्या कारखान्यात दर आठवड्याला अशी हजारो शेपटे रोखीने चुकती करायची होती. ती सोडून द्यावीत तर तेवढा पाव, तेवढे बटाटे कामगाराच्या घरात कमी येणार. ती द्यायची तर नाणी कुठून आणायची? ही नाणी कारखान्यांनी स्वतःच पाडली, आणि नोटगेल्डच्या सगळ्या इतिहासात मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नगरपालिकांच्या रंगीत, चित्रमय नोटांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. कारखान्याच्या जस्ताच्या टिकलीकडे तेवढे लक्ष गेलेले नाही.

अशा टिकल्या कारखान्यांना नव्या नव्हत्या. कँटीनमधले जेवण, बिअरचा पेला, कॉफी यांसाठी धातूचे बिल्ले युद्धाच्या कितीतरी आधीपासून चालत होते. पेटर मेन्झेल यांनी जर्मन पर्यायी नाण्यांची जी मोठी सूची केली, ती सुरूच 1873 पासून होते. हे बिल्ले पाडणारे कारागीरही तयार होते. वेस्टफालियातले ल्यूडेनशाइड हे गाव बटणे, बिल्ले आणि पट्ट्यांची बक्कले बनवणाऱ्यांचे. बेर्ग उंड नोल्टे ही तिथलीच कंपनी. न्यूर्नबर्गमध्ये लाउअर यांचा पदके आणि टोकने पाडण्याचा जुना व्यवसाय होता. ज्या दाबयंत्रावर बटण निघते, त्यावर नाणेही निघू शकते. पत्र्यातून चकत्या कापायच्या आणि दोन ठशांमध्ये धरून दाबायच्या, एवढेच काम. एका बाजूचा ठसा सगळ्यांसाठी एकच ठेवता येई: ठिपक्यांच्या वर्तुळात 5, 10 किंवा 50 हा आकडा. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकाचे, म्हणजे कारखान्याचे, नाव आणि गाव. काही नाणी गोल, काही अष्टकोनी, काही चौकोनी, काहींना मध्ये भोक. सरकारी नाण्याशी गल्लत होऊ नये आणि किंमत बोटांना कळावी, हा या आकारांचा उपयोग.

धातू अर्थातच ज्याची फारशी टंचाई नव्हती असा. जस्त आणि लोखंड. लोखंड गंजे, म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा देत. जस्त दमट हवेत करडे पडे, त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड चढे. आज संग्राहकांच्या हाती येणाऱ्या या नाण्यांवरची अक्षरे वाचायला भिंग लागते, ते यामुळेच. त्यांवर युद्धकाळचा पैसा, सुट्या पैशांऐवजी बिल्ला, असे साधे शब्द असत. राजाचे डोके नाही, गरुड नाही.

त्यातल्या धातूची किंमत जवळजवळ शून्य होती, हे ध्यानात घ्यायला हवे. ब्रिटनमध्ये 1787 साली अँगलसी बेटावरच्या पॅरिस खाण कंपनीनेही अशाच टंचाईत स्वतःच्या पेन्या पाडल्या होत्या. खाण तांब्याची, त्यामुळे पेनीत तांबे भरपूर होते. मागाल तेव्हा लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत पैसे देऊ, असे वचन तिच्या कडेवर कोरलेले होते. वचन मोडले तरी घेणाऱ्याच्या हाती तांबे उरले असते. जर्मन कारखान्याच्या टिकलीत तसे काहीच उरत नव्हते. ती पूर्णपणे वचनावर उभी होती. एसटीतला कंडक्टर सुटे नसले की तिकिटामागे उरलेली रक्कम लिहून देतो, तसलाच हा कारभार. तो कागद त्या कंडक्टरपाशी किंवा डेपोत पैशासारखा आहे, शेजारच्या चहाच्या टपरीवर त्याला कोणी हात लावणार नाही.

कारखान्याचे नाणे मात्र टपरीवर चाले, आणि हाच त्यातला खरा चमत्कार. फाटकाबाहेरचा पाववाला ते घेई, कारण त्याची निम्मी गिऱ्हाइके त्या कारखान्यातली. साठलेली नाणी तो कारखान्याच्या खजिनदाराकडे नेई आणि मार्कांच्या नोटा घेई. खाटीक पाववाल्याकडून घेई, बिअरवाला खाटकाकडून. धुराडे जिथवर दिसे, साधारण तिथवर ते नाणे चाले. त्यापलीकडच्या गावात त्याला पत नव्हती, कारण तिथे त्या मालकाला कोणी ओळखत नव्हते. बर्लिनच्या राइशबँकेचा, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा, अध्यक्ष जे करू शकत नव्हता, ते चार पावलांवरचा कारखाना करत होता. मला यातून पैशाबद्दल एक गोष्ट उमगते ती अशी की, पैसा चालायला सोने लागत नाही, सरकारही लागत नाही. जो देणेकरी उद्या सकाळी आपल्या जागेवर सापडेल अशी खात्री आहे, तेवढा पुरतो.

पण या सोयीची दुसरी बाजू कामगाराला जाचणारी होती, आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकोणिसाव्या शतकात मालक मजुराला रोख पगाराऐवजी माल किंवा स्वतःच्या दुकानातच चालणाऱ्या चिठ्ठ्या देत. दुकान मालकाचे, भाव मालकाचे, म्हणून मजूर कायम बांधलेला. प्रशियाने 1849 मध्ये आणि पुढे जर्मन साम्राज्याच्या उद्योग कायद्यातल्या कलम 115 ने ही पद्धत बंद केली: पगार देशाच्या चलनात, रोख द्यायचा. आपल्याकडे 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने प्रचलित नाण्यांत किंवा नोटांत वेतन देण्याची जी सक्ती केली, तिच्यामागेही हीच काळजी होती. जर्मन कामगारांनी मिळवलेले हे संरक्षण युद्धातल्या टंचाईने सैल केले. आठवड्याच्या पगारातले पाच-दहा फेनिग कारखान्याच्या नाण्यात आले तर कोणी तक्रार करत नसे. पण गाव सोडून जाणाऱ्या कामगाराच्या खिशातली ती नाणी पुढच्या स्टेशनावर निकामी होत. जी हरवत, जी मुलांच्या खेळण्यात जात, जी मुदतीत परत येत नसत, तो सगळा मालकाचा फायदा. परत न आलेले प्रत्येक नाणे म्हणजे कामगाराने मालकाला दिलेले बिनव्याजी, आणि शेवटी बुडालेले, कर्ज.

युद्धकैद्यांच्या छावण्यांतही असाच पैसा होता, आणि तिथे तर नाणे बाहेर चालू नये हाच त्याचा हेतू होता. कैद्याला मजुरीचे पैसे छावणीच्या चलनात मिळत, म्हणजे पळून गेला तरी त्याला रेल्वेचे तिकीट काढता येऊ नये. छावणीचे नाणे आणि कारखान्याचे नाणे धातूने आणि घडणीने पुष्कळदा इतके सारखे दिसते की, नाव वाचल्याशिवाय ओळखू येत नाही. कारखाना म्हणजे छावणी नव्हे, हे खरेच. तरी आपल्या श्रमाचा मोबदला कुठवर चालावा हे दुसऱ्या कुणी ठरवावे, हा धागा दोन्हींत आहे, आणि ज्यांनी कलम 115 साठी झगडा केला त्यांना तो नीट दिसला असेल.

याच युद्धाने आपल्या देशातही चांदीची ओढाताण झाली होती. युद्धसामग्रीच्या खरेदीपोटी हिंदुस्थानात रुपये पाडावे लागत आणि चांदी पुरेना. म्हणून 30 नोव्हेंबर 1917 रोजी एक रुपयाची कागदी नोट निघाली, पुढे अडीच रुपयांचीही. 1918 च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने सुमारे 20 कोटी औंस चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली, तेव्हा टांकसाळींना श्वास घेता आला. चार आण्यांचे आणि आठ आण्यांचे नाणे 1919 मध्ये तांबे-निकेलचे झाले. जर्मनीला चांदी विकायला कोणी नव्हते. अशा फरकांमुळे तिकडची टंचाई कारखान्याच्या दारात पोचली.

युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. उलट 1918 नंतर मार्क घसरू लागला, तशी सरकारी नाणी आणखी वेगाने दिसेनाशी झाली, आणि कारखान्यांनी एक वेगळेच पाऊल टाकले: आपण जे बनवतो त्याचाच पैसा करायचा.

यातले सर्वांत सुंदर काम माइसेनचे. सॅक्सनीतल्या या गावात योहान फ्रीडरिश ब्योटगर याने 1708 च्या सुमारास युरोपातले पहिले अस्सल पोर्सेलिन साधले आणि 1710 मध्ये आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना उभा राहिला. पांढऱ्या पोर्सेलिनच्या आधी ब्योटगरला एक तांबूस-तपकिरी, दगडासारखी कठीण माती जमली होती. दोनशे वर्षांनी, माक्स आडोल्फ फाइफर हे संचालक असताना, तीच तपकिरी माती नाण्यांसाठी बाहेर काढण्यात आली. एमिल पाउल ब्योर्नर या कलावंताने नक्षी केली. 20 आणि 50 फेनिग, मग 1, 2, 5, 10 आणि 20 मार्क, अशी सॅक्सनी राज्याची नाणी 1920-21 मध्ये तयार झाली. त्यांवर कारखान्याची दोन तलवारींची खूण आहे, जी एरवी राजवाड्यांतल्या बशांच्या बुडाशी असे.

मातीचे नाणे पाडणे हे धातूच्या नाण्यापेक्षा कठीण आहे. भट्टीत माती आकसते. माइसेनच्या पोर्सेलिनमध्ये ही घट सुमारे एक षष्ठांश असते. म्हणजे 30 मिलिमीटरचे नाणे हवे असेल तर कच्ची चकती 36 मिलिमीटरची हवी, आणि सगळी अक्षरे त्याच प्रमाणात मोठी कोरायला हवीत. भट्टीतली उष्णता थोडी इकडेतिकडे झाली की आकार बदलला. काही नाण्यांच्या कडेला सोन्याचा मुलामा असे, त्यासाठी पुन्हा वेगळी भाजणी. एवढे करून हाती येते ते गंजत नाही, झिजत नाही, धुतले की नवे होते, आणि माइसेनची माती व भट्टी असल्याखेरीज त्याची नक्कल जवळजवळ अशक्य. फरशीवर पडले तर मात्र फुटते. माझ्या मते या नाण्यांइतकी देखणी नाणी त्या काळात जगात कुठेच निघाली नाहीत. देखणेपणाच त्यांना बाधला. लोकांनी ती खर्च केली नाहीत, जपून ठेवली. आयझेनाख, गोथा, क्वेडलिनबुर्ग अशा कितीतरी गावांनी माइसेनकडून स्वतःची पोर्सेलिनची नाणी करवून घेतली, पण तोवर हा मामला संग्राहकांचा झाला होता. बाजारातली टंचाई त्याने फारशी हलली नाही.

बाकीच्या वस्तूंची नुसती नावे घेतो. बिलेफेल्ड हे लिननच्या कापडाचे आणि रेशमाचे गाव, तिथल्या नगर बचत बँकेने कापडावर आणि मखमलीवर पैसा छापला. हार्ट्स पर्वताजवळच्या ओस्टरवीकमध्ये चामड्याचा पैसा निघाला. बाडेनमधल्या टेनिंगेन इथे ॲल्युमिनियमचा वर्ख बनवणाऱ्या चॉयलिन कारखान्याने 1923 मध्ये त्या वर्खाच्याच नोटा काढल्या. नगरपालिकांनी निव्वळ संग्राहकांना विकण्यासाठी रंगीत मालिकांचा इतका पूर आणला की 17 जुलै 1922 च्या कायद्याने नोटगेल्ड काढण्यावर बंदी आली. ही बंदी टिकली असती तर कारखान्यांच्या पैशाची गोष्ट इथेच संपली असती.

ती टिकली नाही, कारण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत राइशबँकेला नोटा पुरवता येईनात, आणि परवानगी घेऊन, तारण ठेवून, पुन्हा नोटगेल्ड काढायला मुभा द्यावी लागली. 11 जानेवारी 1923 रोजी फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूर खोऱ्यात शिरल्या. जर्मन सरकारने कामगारांना काम बंद ठेवायला सांगितले आणि त्यांचा पगार द्यायचे मान्य केले. हा पगार छापखान्यातूनच येणार होता. राइशबँकेसाठी तेव्हा 133 छापखाने आणि 1,783 यंत्रे चालत होती, तीसहून अधिक कागद गिरण्या कागद पुरवत होत्या, तरी शनिवारच्या पगाराला नोटा वेळेवर पोचत नसत. एसेनमध्ये क्रुप, लुडविग्सहाफेनमध्ये बाडिशे आनिलिन, लेव्हरकुसेनमध्ये बायर, स्टुटगार्टमध्ये बॉश यांनी स्वतःच्या नोटा छापल्या. लाखांच्या, मग कोटींच्या, मग त्याहून वरच्या. किती जणांनी परवानगीची वाटच पाहिली नाही. पुढे पगार रोज वाटावा लागे, आणि तो हाती पडताच घरची माणसे दुकानाकडे धावत.

या धावपळीत नाणे मागे पडले, त्याचे कारण तांत्रिक आहे. ठसा कोरायला, कडक करायला, चकत्या कापायला काही दिवस लागतात. तेवढ्यात त्यावर कोरलेला आकडा निरर्थक होई. सरकारने 1923 मध्ये ॲल्युमिनियमची 200 आणि 500 मार्कांची नाणी पाडली, पण ती लोकांच्या हाती आली तोवर त्यांत काडेपेटीही येईना. कागदावर मात्र जुन्या आकड्यावर नवा शिक्का मारून चालवता येई. महागाईचे सर्वांत मोठे धातूचे नाणे वेस्टफालिया प्रांताच्या बँकेचे: 60 मिलिमीटर व्यासाचे, एका बाजूला प्रशियन सुधारक फ्राइहेर फोम श्टाइन यांची मुद्रा, दुसरीकडे उसळता घोडा, किंमत एक लाख कोटी मार्क. त्या किमतीला अर्थ होता तेव्हा ते बाजारात पोचलेच नाही, पुढे आठवण म्हणून विकले गेले.

20 नोव्हेंबर 1923 रोजी एका डॉलरला 4 लाख 20 हजार कोटी मार्क हा भाव होता. 1914 मध्ये तो 4 मार्क 20 फेनिग होता. त्याच दिवशी राइशबँकेचे प्रमुख रुडोल्फ हाव्हेनश्टाइन वारले. त्याआधी काही आठवडे, ऑक्टोबरच्या शेवटापासून, काही संस्थांनी आणि कारखान्यांनी घसरत्या मार्काचा नाद सोडून सोन्याच्या मार्कात पैसा काढायला सुरुवात केली होती. अशा नोटांवर 42 सुवर्ण-फेनिग असा विचित्र दिसणारा आकडा आढळतो. तो डॉलरचा बरोबर दहावा भाग आहे. हॅम्बुर्गमध्ये त्यासाठी खास बँक निघाली आणि तिने मार्काच्या शतांशांची ॲल्युमिनियमची नाणी पाडली. किंमत टिकणार म्हटल्यावर ठसा कोरण्यात पुन्हा अर्थ आला होता.

15 नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवे चलन आले. एक रेंटेनमार्क म्हणजे एक लाख कोटी जुने कागदी मार्क. पण नवे चलन आणून भागणार नव्हते. कारखाने आणि नगरपालिका स्वतःच्या नोटा छापत राहिल्या आणि राइशबँक त्या आपल्या खिडकीवर घेत राहिली, तर छापखाना बर्लिनमध्ये बंद पडून एसेनमध्ये चालू राहिला असता. चलन आयुक्त याल्मार शाख्ट यांनी राइशबँकेला नोटगेल्ड घ्यायचे बंद करायला लावले. 25 नोव्हेंबरला कोलोन इथे ऱ्हाइनलँडचे उद्योजक आणि नगरांचे प्रतिनिधी त्यांच्यावर तुटून पडले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते: परक्या फौजांखाली असलेल्या प्रदेशात नवे चलन पोचलेले नाही, आम्ही आमचा पैसा काढला नाही तर कामगाराला पगार कशाने द्यायचा? शाख्ट हलले नाहीत. ज्याने पैसा काढला त्याने तो आपल्या ऐपतीवर फेडावा, असे त्यांचे उत्तर होते. त्यांचा निर्णय बरोबर होता असे मी मानतो, पण त्याची झळ त्या आठवड्यात पगाराच्या रांगेत उभ्या असलेल्यांना लागली, मालकांना तितकी नाही.

पुढच्या महिन्यांत कारखान्यांनी आपला पैसा परत बोलावला. तोवर टांकसाळींनी नवी रेंटेनफेनिग नाणी पाडायला घेतली होती, 1923 सालच्याच शिक्क्याची. 5, 10 आणि 50 ची ॲल्युमिनियम-ब्राँझची, आणि एक व दोनची पुन्हा ब्राँझची. 1916 मध्ये ॲल्युमिनियमवर गेलेल्या एका फेनिगच्या नाण्यात तांबे परत आले होते, आणि कामगाराच्या पगारातले शेपूट पुन्हा सरकारी नाण्यांत मोजून मिळू लागले.